मातीखालची थकबाकी

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर उभे राहिले की माणसांची नदी वाहताना दिसते. सोलापुरातून निघालेले, त्याच्याही पलीकडून कर्नाटकातून आलेले लोक आई भवानीच्या दर्शनाला पायी चाललेले असतात. कुणाच्या हातात परडी, कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ, कुणाच्या खांद्यावर झोपी गेलेले लेकरू. तामलवाडी हे याच वाटेवरचे तुळजापूर तालुक्यातले गाव. इथे यात्रेकरू टेकतात, पाय चेपतात, चहा पितात आणि 'आई राजा उदो उदो' म्हणत पुन्हा चालू लागतात. आता रस्ता चौपदरी झाला आहे, टोलनाका आला आहे, जिल्ह्याचे नावही २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले आहे. पण चालणारे पाय तेच आहेत.

गेल्या कोजागिरीला मीही तामलवाडीला उतरलो होतो. देवीचे दर्शन हे एक निमित्त होते. दुसरे निमित्त सदतीस वर्षांपूर्वीच्या एका पांढऱ्या फुलाचे होते आणि त्या फुलापायी मी केलेल्या एका चुकीचे होते. निवृत्त बँक अधिकाऱ्याला सगळ्याच खात्यांचे आकडे आठवत नाहीत. एखादे खाते मात्र झोपू देत नाही.

साल १९८८. मी त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होतो आणि या भागातल्या एका शाखेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो. माझे बालपण सोलापूर शहरातले. शेत म्हणजे रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी वस्तू, एवढीच माझी शेतीची ओळख. पण पदवी होती, स्पर्धा परीक्षा दिली होती, बँकेने राजदूत मोटारसायकल दिली होती आणि पीकपाहणीचा अहवाल लिहिण्याचा अधिकारही दिला होता. एवढ्या भांडवलावर मी गावोगाव हिंडत असे.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. गणपतीच्या दिवसांत तामलवाडीच्या शिवारात पाहणीला गेलो तेव्हा खरिपाची हायब्रीड ज्वारी छातीएवढी उभी होती. बांधावरून चालताना मन प्रसन्न होत होते. पण एका माळाकडच्या शेतात शिरलो आणि थबकलो. शेजारच्या रानात ज्वारी कणसावर आलेली आणि इथे गुडघ्याच्या थोडी वर. पाने पिवळी पडलेली, टोकाशी करपलेली, दुपारी पाणी न मिळाल्यासारखी गळून गेलेली. खाली माती मात्र ओली. ओल्या मातीत तहानेने मरणारे पीक मी प्रथमच पाहत होतो. आणि त्या ज्वारीच्या बुडाशी, सगळीकडे, वीतभर उंचीची हिरवी नाजूक रोपे उभी होती. त्यांना इवली इवली पांढरी फुले आली होती. खरे सांगायचे तर दृश्य सुंदर दिसत होते.

शेताचे मालक साठीच्या आसपासचे. सारे गाव त्यांना आबा म्हणायचे, म्हणून मीही आबाच म्हणायचो.

"आबा, ही फुलं कसली?" मी विचारले.

"टारफुला हाय त्यो, सायेब."

मी एकदम खूश झालो. "टारफुला! म्हणजे शंकर पाटलांची कादंबरी!"

आबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कादंबरी ठाऊक नव्हती. मला रोप ठाऊक नव्हते. शंकर पाटलांची 'टारफुला' ही कादंबरी १९६४ साली आली. गावच्या सत्तेची, पाटीलकीच्या दहशतीची ती कहाणी मी कॉलेजात असताना दोनदा वाचली होती. पिकाच्या जिवावर पोसणारे तण हे त्या शीर्षकामागचे रूपक मी मित्रांना समजावूनही सांगितले होते. आणि आता तेच रूपक पाच एकरांत फुलून माझ्यासमोर उभे होते आणि मला ते ओळखता आले नव्हते.

"मग खुरपून का नाही काढलं, आबा?"

"आवो सायेब, ह्यो वर दिसतोय तवा काम झाल्यालं असतंय. खालती दीड म्हैना रगत पितो न् मग त्वांड दावतो."

मी मान हलवली आणि मनात म्हटले, कामचुकारपणाला माणसे काय काय कारणे देतात! शाखेत येऊन अहवाल लिहिला: 'शेजारील पिके समाधानकारक. सदर शेतात तणनियंत्रण व मशागतीत हयगय.' खाली सही केली.

या एका ओळीचा परिणाम काय होतो, ते शहरी वाचकांना सांगायला हवे. त्या काळी गावची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ धरला जात असे आणि पीककर्जाचे मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर होऊ शकत असे. त्या वर्षी गावची आणेवारी उत्तम होती, तेव्हा तो दरवाजा बंदच होता. एकट्या शेतकऱ्याचे नुकसान नैसर्गिक कारणाने झाले आहे असे अहवालात असते, तर मुदतवाढीची शिफारस तरी वर पाठवता आली असती. माझ्या 'हयगय' या शब्दाने तीही वाट बुजली. मार्चअखेर वसुलीला गेलो तेव्हा आबांनी पैसे भरले. दावणीला दोनाच्या जागी एकच बैल होता. पावती घेताना ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. नोकरी, लेखन, संसार यांत वर्षे गेली. पण निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा मी त्या पांढऱ्या फुलाच्या मागे लागलो. जे हाती आले ते इतके विलक्षण आहे, की माझी चूक बाजूला ठेवूनही ते वाचकांना सांगावेसे वाटते.

टारफुल्याचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा. इंग्रजीत त्याला चेटकिणीचे तण म्हणतात, कारण ते दिसण्याआधीच पिकाला दृष्ट लागल्यासारखे होते. आबा सांगत होते ते अक्षरशः खरे होते. टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे, मिलिमीटरच्या पाव-तृतीयांश भागाएवढे असते. एका रोपाला अशा पन्नास हजारांहून अधिक बिया येऊ शकतात. ते बी इतके लहान, की त्याच्या पोटात शिदोरी जवळपास नसतेच. उगवल्यानंतर काही दिवसांत त्याला दुसऱ्या झाडाचे मूळ सापडले नाही तर ते मरते. मग ते करते काय? वाट पाहते. मातीत पडून वर्षानुवर्षे, कधी दहा-पंधरा वर्षेही, वाट पाहते. पावसाने ओल धरली, एक-दोन आठवडे गेले, आणि अगदी जवळून, काही मिलिमीटरच्या अंतरावरून, ज्वारीच्या मुळाने सोडलेल्या एका विशिष्ट रसायनाचा सुगावा लागला, तरच ते डोळे उघडते.

मग ते आपले मूळ त्या दिशेने पाठवते. ज्वारीच्या मुळाला स्पर्श झाला की टोकाशी एक गाठ तयार होते. ही गाठ मुळात घुसते आणि थेट ज्वारीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जोडली जाते. आपण शेजाऱ्याच्या नळाला चोरून जोडणी घेतो तशी. पाणी, क्षार, अन्न सगळे तिकडे वळते. एवढेच करून ते थांबत नाही. ज्वारीची वाढ इतकी खुंटते, की केवळ चोरलेल्या अन्नाच्या हिशेबाने तेवढे नुकसान जमत नाही. ज्वारीच्या अंगातली सारी घडीच विस्कटते. आणि हे सारे चार ते सात आठवडे जमिनीखाली चालते. पांढरे फूल दिसते तेव्हा जप्ती पूर्ण झालेली असते. त्या वेळी खुरपून काढण्याने चालू पीक वाचत नाही. पुढच्या वर्षीच्या बिया तेवढ्या वाचवता येतात.

या कहाणीत भारताचा एक गमतीदार धागा अमेरिकेत सापडतो. १९५६ साली उत्तर कॅरोलिना राज्यात मक्याची शेते अशीच पिवळी पडू लागली. तिथल्या जाणकारांना रोगाचा पत्ता लागेना. भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने शेत पाहिले आणि ओळखले: हा तर आमच्याकडचा टारफुला! आपल्याकडच्या हलक्या रानात पोराटोरांना ठाऊक असलेले तण तिथे कुणी पाहिलेच नव्हते. मग अमेरिकन सरकारने कंबर कसली. चार लाखांहून अधिक एकर जमीन या तणाने धरली होती. माल, अवजारे, ट्रॅक्टर यांच्या ये-जा करण्यावर निर्बंध आले, आणि पुढे एथिलीन वायू जमिनीत सोडण्याची युक्ती निघाली. एथिलीन लागले की टारफुल्याच्या बिया फसतात. पीक आले समजून उगवतात आणि मूळ न सापडल्याने मरतात. अनेक दशके चिकाटीने हे काम झाले आणि आता तिथे अगदी थोडे क्षेत्र उरले आहे. आबांना जे एका वाक्यात ठाऊक होते, त्याच्यापाठी एका श्रीमंत देशाने केवढा खजिना ओतला!

बियांना जागे करणारे रसायन कोणते, हा पुढचा प्रश्न. १९६६ साली ते प्रथम वेगळे काढण्यात यश आले, आणि तेही ज्वारीच्या मुळांतून नव्हे, तर कपाशीच्या मुळांतून! कपाशीवर टारफुला जगत नाही. म्हणजे कपाशीच्या शेतात टारफुल्याच्या बिया फसून उगवतात आणि उपाशी मरतात. आमच्याकडचे जुने लोक म्हणत, ज्वारीवर ज्वारी घेऊ नये, मधे कपाशी, भुईमूग, तूर काहीतरी घालावे. त्यांना रसायन ठाऊक नव्हते, पण हिशेब ठाऊक होता.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की झाड आपल्या मारेकऱ्याला जागे करणारे रसायन मातीत सोडतेच का? जवळजवळ चाळीस वर्षे हे कोडे सुटले नव्हते. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर दिले. मातीत एक सूक्ष्म बुरशी असते, मायकोरायझा नावाची. ती झाडाच्या मुळाशी सोयरीक करते. बुरशी आपल्या बारीक तंतूंनी दूरवरून स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाड तिला साखर देते. ही सोयरीक चाळीस कोटी वर्षांहून जुनी आहे; झाडे पाण्यातून जमिनीवर आली त्या काळापासूनची. मुळांचे ते रसायन म्हणजे या मित्राला घातलेली साद असते. त्या सादेने बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात आणि ते मुळाकडे धाव घेतात. टारफुल्याने काय केले, तर ती साद चोरून ऐकायला शिकला. मित्राला मारलेली हाक चोराने ऐकली. एवढीच ही सारी कहाणी आहे.

आणि यातून आणखी एक दुःखद गोष्ट उलगडते. जमिनीत स्फुरद कमी असेल तर झाड अधिक आर्ततेने साद घालते, म्हणजे ते रसायन जास्त सोडते. म्हणून टारफुला काळ्या कसदार रानापेक्षा माळाच्या हलक्या, उपाशी जमिनीत जास्त. ज्याचे रान गरीब, त्याच्याच दारात चोर. आबांचे शेत माळाकडचे होते आणि शेजाऱ्याचे ओढ्याकाठचे. दोन्ही शेतांवर पाऊस तोच पडला होता. मी मात्र दोन पिकांतला फरक म्हणजे दोन माणसांतला फरक, असे गृहीत धरले होते.

बियांना ही साद ऐकू कशी येते, याचाही छडा अलीकडे लागला आहे. वणव्यानंतर धुरातली विशिष्ट रसायने ओळखून उगवणाऱ्या अनेक वनस्पती आहेत. हे ओळखण्याशी संबंधित असलेल्या एका जनुकाच्या टारफुल्यात अनेक नकला झाल्या आणि त्या बदलत बदलत मुळांची साद ओळखू लागल्या, असे २०१५ साली दिसून आले. निसर्ग नवे यंत्र क्वचितच घडवतो. जुन्याच यंत्राचे कान पिळून त्याला दुसऱ्या कामाला लावतो.

इथे उत्क्रांतीच्या अभ्यासकांचा खरा प्रश्न सुरू होतो. ज्वारी मूळची आफ्रिकेची आणि टारफुलाही तिथलाच. हजारो वर्षे दोघे एकमेकांसमोर उभे आहेत. मग इतक्या काळात सगळी ज्वारी टारफुल्याला दाद न देणारी का झाली नाही? जी ज्वारी वाचली तिचेच बी पुढे जायला हवे होते.

अशी वाचणारी ज्वारी आहे, हे खरेच. गेबिसा एजेटा हे नाव या संदर्भात घ्यायला हवे. इथिओपियातल्या खेड्यात, गवताने शाकारलेल्या एका खोलीच्या झोपडीत वाढलेला हा मुलगा. शाळेसाठी दर रविवारी रात्री वीस किलोमीटर चालत जायचा आणि आठवड्याच्या शेवटी तेवढेच चालत परत यायचा. पुढे तो अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि त्याने टारफुल्याला तोंड देणारे ज्वारीचे वाण तयार केले. १९९०च्या दशकात ते आफ्रिकेतल्या अनेक देशांत पोहोचले, आणि २००९ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या वाणांचे गुपित असे, की त्यांच्या मुळांची साद थोडी वेगळी आहे. एका जनुकातल्या बिघाडामुळे त्या रसायनाची घडण बदलते आणि टारफुल्याच्या बियांना ती हाक नीट ऐकू येत नाही. हे जनुक २०१७ साली नेमके सापडले.

तीन वर्षांनी, २०२० साली, पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातले जेसी लॅस्की, एमिली बेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या प्रश्नाला हात घातला. आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सुमारे दोन हजार गावरान ज्वारींची जनुके त्यांनी तपासली. दुसरीकडे, आफ्रिकेतला टारफुला कुठे कुठे आढळला याच्या नोंदी घेऊन त्याचा नकाशा केला. मग दोन्ही एकावर एक ठेवले. दिसले ते असे: साद बदलणारा तो बिघाड ज्वारीत एकदा नव्हे, स्वतंत्रपणे अनेकदा घडला आहे, आणि जिथे टारफुला आहे त्याच भागांत तो टिकला आहे. म्हणजे उत्क्रांतीने आपले काम केले होते. पण खरे आश्चर्य पुढे आहे. टारफुल्याच्या मुलखातही अशी ज्वारी थोडीच होती. बाकीची सारी जुन्याच भाषेत हाक मारत होती. आणि जिथे टारफुला नाही, तिथे हा बदल नव्हताच.

कारण या बदलाची किंमत मोजावी लागते. प्रयोगशाळेत तोच बिघाड मुद्दाम घडवलेल्या ज्वारीत, सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या यंत्रणेची काही जनुके मंदावलेली दिसली. शिवाय बचाव किती होतो हे टारफुल्याच्या जातकुळीवर आणि जमीन-हवामानावरही अवलंबून होते. मुळांतले ते रसायन केवळ साद घालण्याच्या कामाचे नसते. झाडाला फांद्या किती फुटाव्यात हेही तेच ठरवते, हे २००८ सालीच कळले होते. इतक्या कामाच्या वस्तूत फेरफार केला की कुठेतरी घट येणारच.

मी बँकेतला माणूस असल्याने मला हे चटकन समजले. हा विम्याचा हप्ता आहे. ज्या गावात दर वर्षी गारा पडतात तिथे हप्ता भरणारा तरतो; जिथे गारा पडतच नाहीत तिथे हप्ता भरणारा दर वर्षी थोडा थोडा मागे पडतो. आणि कुठे पडतात, कुठे नाही, हे दर हंगामी बदलत असेल, तर गावात दोन्ही प्रकारची माणसे असलेली बरी. ज्वारीच्या कुळाने हजारो वर्षांत नेमके हेच केले. सगळे बी एका पारड्यात टाकले नाही. उपजत शहाणपण म्हणावे, तर ज्वारीला बुद्धी नाही. काही झाडे मेली, काही जगली, आणि हिशेब आपोआप मांडला गेला.

आपल्याकडे मात्र आपण एक काळ सगळे बी एका पारड्यात टाकले होते. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि मग हायब्रीडचे युग सुरू झाले. त्याने दुष्काळी मुलखाची पोटे भरली, हे विसरून चालणार नाही. १९७२च्या दुष्काळाची झळ सोसलेल्या सोलापूर-उस्मानाबादकडच्या माणसाला धान्याची किंमत सांगायला नको. पण टारफुल्यापुढे हे वाण हळवे निघाले आणि जिथे तो एका कोपऱ्यात होता तिथे तो शेतभर पसरला. आबांचे पाच एकर त्या हायब्रीडचेच होते, आणि ते घ्यावे म्हणून कर्ज देणाऱ्यांत आम्हीच होतो.

उलट एक भारतीय वाण असे आहे, की जगभरचे टारफुल्याचे अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतात. एन-१३ हे त्याचे रुक्ष नाव. हे वाण हाक बदलत नाही. चोराला दारापर्यंत येऊ देते. पण मुळाच्या आतल्या थराच्या भिंती इतक्या जाड करते, की टारफुल्याची गाठ आत घुसू शकत नाही. आपली सोलापूरची मालदांडी ज्या दुर्रा कुळातली, त्याच कुळातले हे वाण. मालदांडीचे प्रसिद्ध ३५-१ हे वाण १९३०च्या दशकात इथून जवळच, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले. आजही शाळूची भाकरी म्हटली की तिचेच नाव निघते. आपल्या कणगीत काय काय दडले आहे याची जाणीव आपल्याला बाहेरच्यांनी करून द्यावी लागते!

परोपजीवी वनस्पतींबद्दल आपल्या भाषेत चांगला शब्द नाही. बांडगूळ ही तर शिवीच झाली. पण फुलझाडांत शंभरातली एक जात या ना त्या प्रकारे दुसऱ्यावर जगते. अशा साडेचार हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि ही युक्ती वनस्पतींनी एकदा नव्हे, स्वतंत्रपणे सुमारे बारा वेळा शोधून काढली आहे. कुंपणावरची पिवळी अमरवेल त्यातलीच. तिने पानांचा खर्चच बंद केला आहे. निपाणीकडचे तंबाखूवाले बंबाखूच्या नावाने बोटे मोडतात. आंब्यावरच्या बांडगुळाचे फळ इवलासा फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसून टाकतो. सलीम अली यांनी १९३१ साली कोकणातल्या या बांडगुळावर आणि पक्ष्यांवर लेख लिहिला होता. आणि देवघरात उगाळतो ते चंदन? तेही शेजारच्या झाडांच्या मुळांना मुळे जोडून जगते. ज्याचा गंध आपण देवाच्या कपाळी लावतो तोही थोडा उधारीवरचाच आहे. तेव्हा निसर्गात सज्जन-दुर्जन अशी यादी करू नये. अहवाल लिहिणाऱ्याने तर नाहीच नाही.

तर गेल्या कोजागिरीला मी तामलवाडीला उतरलो. विचारत विचारत आबांच्या घरी गेलो. आबांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचा मुलगा आता पन्नाशीचा आहे. त्याला मी आठवलो नाही. राजदूत मोटारसायकल आठवली. आम्ही शेतावर गेलो. सोयाबीन नुकतेच निघाले होते. खरिपाची ज्वारी या भागातून जवळजवळ हद्दपार झाली आहे, सारे सोयाबीन. दोन एकरांत मात्र घरच्या भाकरीसाठी शाळू पेरला होता आणि त्याची हिरवी रेघ नुकतीच वर आली होती.

"टारफुला दिसतो का हो अजून?" मी विचारले.

"न्हाई साहेब. ईस वर्सं झाली आसतील. सोयाबीन आल्यापासनं गेलाच म्हना की."

मी त्याला सांगितले, की सोयाबीनच्या काही वाणांची मुळेही ती हाक मारतात आणि टारफुल्याच्या बिया फसवून संपवतात, असे अभ्यासकांना दिसले आहे. शिवाय ज्वारीच नसेल तर टारफुल्याला घर नाही, आणि मातीतल्या बिया दर वर्षी थोड्या थोड्या मरतात. पण बांधावरच्या काही गवतांवरही तो जगू शकतो. म्हणून उद्या ज्वारीचे दिवस परत आले आणि कुणी वर्षामागून वर्ष ज्वारीवर ज्वारी घेतली, तर एखादे पांढरे फूल दिसेल. त्या दिवशी ते बी धरण्याआधी उपटायचे, रानाबाहेर नेऊन जाळायचे, आणि पुढच्या वर्षी त्या जागी तूर नाहीतर भुईमूग. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आबा ह्येच सांगायचे. फकस्त रसायनाचं त्येंनी सांगितलं न्हवतं."

मग मी त्याला १९८८चा अहवाल सांगितला. 'हयगय' हा शब्द सांगितला. त्यामुळे बैल विकावा लागला असेल, हेही बोललो. इतक्या वर्षांनी हे सांगण्यात त्याच्यासाठी काय होते, मला ठाऊक नाही. तो बांधावर बसून मातीचे ढेकूळ बोटांनी फोडत राहिला.

"बैल आठवतोय मला," तो म्हणाला. "ढवळ्या. मी लई रडलो हुतो." थोड्या वेळाने म्हणाला, "तुमच्यावर आबांचा राग न्हवता. म्हनायचे, त्यो पोरगा शिकल्याला हाय, पर मातीखालचं त्येला कोन दावनार?"

संध्याकाळ होत होती. रस्त्यावरून उदो उदोचा आवाज येऊ लागला. निघताना त्याच्या बायकोने पिशवीत पाच किलो शाळू घालून दिला. गेल्या वर्षीची मालदांडी, टपोरी, मोत्यासारखी. मी पाकीट काढले आणि विचारले, "किती झाले?"

त्याने हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या साहेब. आबांच्या खात्याला मांडा."